हनुवटीवरचं गोंदण

मी घरातून निघाले ती झेंडूच्या पिकअपमध्ये बसून. दसरा तोंडावर होता, आणि आमच्या मळ्यात दसरा तोंडावर असताना कुणी स्पेनला जाऊ दे नाहीतर चंद्रावर, फुलं थांबत नाहीत. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे आमचा मळा. दादाने मागे क्रेट रचले, पुढे मला आणि माझ्या बॅगेला कोंबलं, आधी पंचवटीतल्या फुलबाजारात माल उतरवला आणि मग मला द्वारका चौकात मुंबईच्या टॅक्सीत बसवलं. आई बाजारातच राहिली, कारण गिऱ्हाईक समोर उभं होतं. काट्यावरून मान वर करून म्हणाली, "पोचली की फोन कर. आन् कान बांधत जा, तुला लगेच सर्दी होती." एवढाच निरोप. मला इतका राग आला होता की कसाऱ्यापर्यंत मी टॅक्सीवाल्याशीही बोलले नाही.

स्पॅनिश मी काही हौसेने शिकले नाही. कॉलेज रोडच्या क्लासमध्ये जर्मनची बॅच भरली होती, म्हणून यात नाव घातलं. मग निफाडकडच्या एका फळनिर्यातदाराकडे नोकरी लागली आणि तिथे स्पेनहून डाळिंबाची प्रतवारी करणारं मशिन आलं. पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक फळाचे फोटो काढायचं आणि डाग दिसला की ते बाजूला ढकलायचं. बसवायला आलेल्या माणसांना इंग्रजी येत नव्हतं, आमच्या माणसांना स्पॅनिश, आणि मधे मी. त्यांना माझं काम आवडलं असावं. वर्षभरात त्या मशिनच्या कंपनीने मला स्पेनला, वालेन्सियाला बोलावून घेतलं.

इथे मी त्या मशिनची माहितीपुस्तकं स्पॅनिशमधून इंग्रजीत आणते, त्यातही कॅमेऱ्याचा भाग माझ्याकडे. फोटो चांगला की वाईट हे सांगायला या लोकांकडे ढीगभर शब्द आहेत. नितिदेथ म्हणजे शार्पनेस, कडा किती स्पष्ट दिसतात ते. रुइदो म्हणजे नॉइज, फोटोत उगाचच दिसणारे कण. इथला इंजिनियर एकाच गोष्टीला आज हा शब्द वापरणार, उद्या तो, आणि मी प्रत्येकाला एकच इंग्रजी शब्द ठरवून द्यायचा, कारण वाचणारा माणूस कुठल्यातरी पॅकहाऊसमध्ये हात ओले करून उभा असतो. त्याला साहित्य नको असतं. मला हे काम आवडतं, खोटं कशाला बोलू.

यातलाच एक शब्द आहे सुआविथादो. इंग्रजीत स्मूदिंग. शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढायची म्हणजे फोटो मऊ, गुळगुळीत दिसतो. त्याच्याखाली एक ताकीद आहे आणि तिचं इंग्रजी मीच केलं आहे: हे जास्त वाढवू नका, बारीक डाग पुसले जातात आणि नासकं फळ चांगल्यात जातं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना फोनवरचं घर म्हणजे काय ते सांगायला नको. आमचा फोन माझ्या जेवणाच्या सुट्टीत व्हायचा. नाशकात तेव्हा दुपार उतरलेली असते आणि आई ओट्यावर हार ओवत बसलेली असते. "काय खाल्लं?" "भात." "आन् कालवण?" "मसूर." "बरं." पूर्वी मळ्यात मी तिच्याशी दिवसभर भांडायचे. आता आम्ही पाहुण्यांसारख्या गोड बोलायचो.

गेल्या हिवाळ्यात तशीच बोलत होते आणि मला काहीतरी खटकलं. आईच्या मागे मांडणीवरच्या डब्यांच्या कडा स्वच्छ दिसत होत्या. तिच्या हातातल्या दोऱ्याचा सुटलेला पीळसुद्धा दिसत होता. चेहरा मात्र साईसारखा मऊ. मी निरखून बघितलं. आईच्या हनुवटीवर गोंदण आहे, तीन हिरवे ठिपके. लहानपणी मी तिच्या मांडीवर त्यांच्यावर बोट ठेवून झोपायचे. तिथे ते ठिपकेच नव्हते.

हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण मी दिवसभर तेच करते. फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा उजळ करायची सोय असते, ती कुणीतरी लावली होती, आणि चांगली शेवटपर्यंत ओढून लावली होती. सत्तरीला आलेल्या बाईला हे कशाला?

फोन ठेवला आणि वहिनीला वेगळा लावला. वहिनीने आधी विषय टाळला. मग म्हणाली, "ताई, आईंनीच लावायला सांगितलं."

"का?"

"किडनीचं निघालं. डायलिसिस चालू हाय, दिवाळीच्या आधीपासून. तोंडावर सूज येते, काळवंडल्यात पण लय. तुम्हाला दिसायला नको म्हणाल्या."

मी ओरडले तिच्यावर. बिचारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही माहेरवाशिणीसारख्या. तुम्हाला कसं सांगायचं?"

ही आमच्या घरची रीत. आत्या माहेरी आली की घरातली सगळी दुखणी माळ्यावर टाकली जायची. एका वर्षी विहीर आटलेली होती, तरी आत्याला आंघोळीला दोन बादल्या गरम पाणी, आणि आम्ही पोरं ओल्या फडक्याने अंग पुसायचो. लेक चार दिवसांसाठी येते, तिला रडत पाठवायचं नाही, असं आई म्हणायची. मला तेव्हा ते फार मोठेपणाचं वाटायचं. माझ्यावर वेळ आली तेव्हा अपमान झाल्यासारखं वाटलं. मी घरातली नव्हते, पाहुणी होते.

लगेच निघायचं ठरवलं, पण ते मला जमणार नव्हतं. माझ्या इथल्या राहण्याच्या कार्डाची मुदत संपली होती आणि नवीन कार्ड कुठल्यातरी टेबलावर अडकलं होतं. वकीलबाईंनी हात वर केले: "तुम्ही जरूर जा. पण परत आत येता येईल याची खात्री मी देणार नाही." आईचा दवाखाना माझ्या पगारावर चालला होता हे मला आता कळलं, दादा "खताला पाठव" म्हणायचा ते यासाठी. म्हणजे मी गेले तर तिचा दवाखाना अडणार, नाही गेले तर ती कदाचित पुन्हा दिसणार नाही. दोन दिवस मी ऑफिसात जायचे, शब्द लावायचे, घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे. खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उघडते. खोलीत बसवेनासं झालं की मी जिना उतरून रस्त्यावर उभी राहायचे. पण रस्त्यावर उभं राहून तरी जाणार कुठे?

तिसऱ्या दिवशी फोन लावला. तोच मऊ चेहरा. "काय खाल्लं?"

"आई, ते बंद कर."

"काय बंद करू?"

"चेहऱ्यावर लावलंय ते. मला वहिनीने सगळं सांगितलंय."

तिने ओवायचं थांबवलं. "बंद केलं तर तू येशील."

"नाही येणार. मला येताच येत नाहीये, आई. कार्ड अडकलंय. चार महिने झाले, तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, उगाच काळजी."

सुट्टी मिळत नाही असंच मी तोवर सांगत होते. तिने हार मांडीवरून खाली ठेवला. मग मान वळवून म्हणाली, "सुनंदे, ये इकडं. हे काढ गं."

वहिनीचं बोट पडद्यावर आलं आणि गेलं. आईचे डोळे सुजेत बुडालेले, गाल काळे पडलेले, ओठ फुटलेले. हनुवटीवर तीन हिरवे ठिपके. मी तोंडावर हात ठेवून रडले, आणि ती बघत राहिली. रडू नको म्हणाली नाही.

"बघितलं?" ती म्हणाली. "आता तुझं काय अडकलंय ते पहिल्यापासून सांग. आन् दादासारखं अर्धं सांगू नको."

हे लिहिते आहे तेव्हाही कार्ड आलेलं नाही आणि आईचं डायलिसिस चालू आहे. मी रोज कार्ड कुठल्या टेबलावर पोचलं ते सांगते, ती रोज हाताची सुई टोचलेली जागा दाखवते. दुखलं तर दुखलं म्हणते. परवा चिडून म्हणाली, "तुला तिकडं पाठवलं हेच चुकलं माझं." मी म्हटलं, "मग अडवायचं होतंस." आम्ही जेवणाची सुट्टी संपेपर्यंत भांडलो, पूर्वी मळ्यात भांडायचो तशा. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी घरी होते. एवढं मला पुरतं, असं लिहून संपवणार होते. पण पुरत नाही. मला तिच्या हनुवटीवर बोट ठेवायचं आहे.