मागे न पाहणाऱ्या गाड्या

गाव सोडलं त्या सकाळी एरंडोलच्या स्टँडवर एसटी आलीच नाही. मी ट्रंकेवर बसून होतो, आबा, म्हणजे माझे वडील, शेजारी उभे. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.कॉम. आणि पिंपरीच्या एका कारखान्यात सोमवारी आठच्या ठोक्याला हजर व्हायचं पत्र खिशात. पुण्याची गाडी जळगावहून सुटणार. शेवटी धाकटा भाऊ धनराज आपली काळीपिवळी जीप घेऊन आला. आपली म्हणजे मालकाची; हा तिच्यावर ड्रायव्हर. मागे सात-आठ शिटा आधीच कोंबलेल्या. शीट म्हणजे आमच्याकडे प्रवासी. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि एवढंच म्हणाले, "मांगे देखू नको." निघालेल्या माणसाने मागे वळून पाहिलं की काम अडतं, अशी आमच्याकडची समजूत.

गाडी मिळाली. डबे हलायला लागले होते तेव्हा धनराजने ट्रंक आत ढकलली. त्या तीस किलोमीटरमधली एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. तीही सांगतो, पण तिच्या जागी.

पिंपरीत मी स्टोअर्स क्लार्क झालो. शिफ्ट, गेटपास, कॅन्टीन, ओव्हरटाइम हे शब्द महिन्याभरात तोंडात बसले. आधीचे उठायला वेळ लागला. एकदा काउंटरवर बोलून गेलो, "बठ्ठा बोल्ट संपले." सुपरवायझर हसला आणि पुढे आठवडाभर मला 'बठ्ठासाहेब' म्हणत राहिला. मी 'सगळे' म्हणायला शिकलो. लाज वाटली ती हसण्याची नव्हे, इतक्या पटकन शिकलो त्याची.

पाच वर्षांनी आबांचं आंतरदेशीय आलं. धनराजचं कामात लक्ष नाही, मालक त्याला काढायला निघालाय, तुझ्या कारखान्यात चिकटव. मी मनाशी म्हटलं, पोरगं सुसाट हाकत असणार. त्या रस्त्यावर काळीपिवळीवाल्यांची रोज शर्यतच असते. फाट्यावर पुढची गाडी आधी पोहोचली की शिटा तिच्या. मी साहेबांच्या मागे लागून स्टोअर्समध्ये हेल्परची जागा मिळवली आणि धनराजला बोलावून घेतलं. सोमवारी त्याने फॉर्मवर सही करायची, बस.

रविवारी त्याने हट्ट धरला. शहरातल्या एका टॉकीजला मोटारींच्या शर्यतीचा इंग्रजी पिक्चर लागला होता, तो पाहायचा. जळगावच्या स्टँडवर ड्रायव्हर लोक त्याच्याच गप्पा मारतात म्हणे. माझी मुळीच इच्छा नव्हती. ज्याच्यापासून पोराला सोडवायचं तेच पैसे मोजून दाखवायचं? पण पाहुणा आलेला भाऊ. गेलो.

पिक्चरबद्दल माझं मत विचाराल तर मोटारींनी काम उत्तम केलंय, माणसांनी काहीच केलेलं नाही. दोन टोळ्या शहराच्या भर रस्त्यात पळतात. का पळतात ते शेवटपर्यंत कळत नाही. हिरो गिअर बदलतो तेव्हा आधी त्याचा दंड दाखवतात, मग गिअर. दीड तासात पेट्रोल एकदाही भरत नाहीत. सगळं थिएटर शिट्ट्या मारत होतं. धनराज तेवढा भुवया आवळून बसलेला. मध्येच माझ्या कानाला लागला, "भाऊ, यास्नी गाडीमा एक बी शीट नही. मंग पयतस कसाले?"

मला हसू फुटलं. शीटच नाही तर पळायचं कशाला? इतका रास्त प्रश्न त्या पिक्चरला कोणीच विचारला नसेल.

मग तो सीन आला. मोटार बाजारात घुसते, फळांची हातगाडी उडते, संत्री काचेवर आपटतात. लोक उठून नाचायला लागले. कॅमेरा मोटारीबरोबर पुढे निघून गेला. हातगाडीवाला कोण, त्याचं काय झालं, काही नाही. मी धनराजकडे पाहिलं. तो पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

आता ती गोष्ट. त्या सकाळी पाळधी सोडल्यावर दुसरी एक जीप आमच्या पुढे होती. मी घड्याळ बघत होतो आणि धनराजला म्हणत होतो, "दाब, दाब." त्याने दाबली. गिरणेच्या पुलाच्या अलीकडे तिला ओलांडताना कडेचा एक दूधवाला सायकलीसकट खाली गेला. धक्का लागला की तो स्वतःच घाबरून उतरला, मला कळलं नाही. मागे पाहू नको म्हणून बजावलेलं असताना मी पाहिलं. सायकलचं वर फिरणारं चाक दिसलं, माणूस दिसला नाही. थांब असं मी म्हणालो नाही.

टॉकीजबाहेर चहा घेताना धनराज म्हणाला, "तू देखं व्हतं ना?"

"हो."

"तुले सोडं ना, तसाच मी मांगे गयथू. कोनी नव्हतं. सायकल बी नव्हती. दूध सांडेल व्हतं नुसतं."

म्हणजे तो उठून गेला, की त्याला उचलून नेलं? आजूबाजूच्या दोन गावांत धनराजने विचारलं, कोणी काही सांगेना. तेव्हापासून तो हळू हाकतो. फाट्यावर त्याच्या आधी दुसरे पोहोचतात, शिटा जातात, मालक शिव्या देतो. स्टँडवर त्याला 'बैलगाडी' म्हणतात. सुसाट हाकतो असं मी धरून चाललो होतो, तो हा.

"मंग सोड ना तो रस्ता," मी म्हणालो. "उद्या सही कर."

त्याने मान हलवली. "त्या रस्तावर रोज दूधवाला दिसतस, भाऊ. एखादा दिन तो भेटी जाई."

सोमवारी सही झाली नाही. मंगळवारी तो परत गेला. मी आबांना लिहिलं की कारखान्याची हवा त्याला मानवली नाही. शिकलेल्या माणसाने लिहिलेलं ते खोटं आबांनी खरं मानलं, आणि पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगत राहिले.

माझ्यासारखे तुम्ही कोणी सुरतेला गेलात, कोणी नाशिकला, कोणी समुद्रापार. प्रत्येकाला कोणीतरी स्टेशनवर सोडलं. आपण सांगतो त्या गोष्टी आपल्या प्रवासाच्या: कसे पोहोचलो, काय खाल्लं, पहिली रात्र कुठे काढली. सोडायला आलेला माणूस परत कसा गेला, ते आपण विचारत नाही. मी पाच वर्षं विचारलं नव्हतं. आता घर म्हटलं की मला ओटा दिसत नाही, शेत दिसत नाही. तो परतीचा रस्ता दिसतो. धनराजने जीप कडेला लावलीय आणि तो सांडलेल्या दुधापाशी एकटा उभा आहे. तेव्हा मी खिडकीजवळ जागा मिळाली म्हणून खूश होतो.