आईचे तोडे आणि भुताचं तांबं

वाईच्या एका कारागिराने मला फसवले. आईच्या तोड्यांची चांदी मी स्वतः मुशीत गाळून त्याच्या हातात दिली आणि त्याने जर्मन सिल्व्हरचे टाक (देव्हाऱ्यात पुजायच्या, पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या प्रतिमा) माझ्या हातात ठेवले. माझा धंदा गलाईचा (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा). परमुलखात भट्टीपाशी केस पांढरे केले, तरी फसलो, कारण आमच्यात देव कसाच्या दगडावर घासत नाहीत. तोड्यांचे देव करायचे, ही आईची शेवटची इच्छा होती. यंदा दसऱ्याला देव उजळताना खंडोबाच्या कडेला हिरवे दिसले. चांदी काळी पडते, हिरवी होत नाही.

टाक रुमालात बांधून कवठे महांकाळहून निघालो. तासगावात घासाघीस करून बेदाणा घेतला आणि एसटीत चढताना पिशवी फाटली. निम्मा बेदाणा शेजारच्या बाईंच्या मांडीवर. त्या कराडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होत्या. त्यांनी एक दाणा नाकाशी नेला.

"गंधकाची धुरी दिलीय भरपूर. वासावरूनच नाव पडलं त्याचं, गंधक."

"नाव तरी खरं हाय," म्हणत मी रुमाल सोडला. "ह्यात चांदी किती?"

"जर्मन सिल्व्हर ना? तांबं, जस्त आणि निकेल. चांदी अजिबात नाही."

"ते कळलं मला, उशिरा. पण हे निकेल कुठलं नाव?"

जर्मनीतल्या खाणकामगारांना म्हणे तांब्यासारखा दगड सापडे, पण भट्टीत घातला की तांबे निघत नसे. भुताने पळवले म्हणून ते त्याला भुताचं तांबं म्हणू लागले. पुढे त्यातून नवा धातू निघाला, त्याला त्या भुताचेच नाव राहिले, निकेल. कोबाल्टही तसाच, खाणीतल्या पिशाच्चाच्या नावाचा.

कराडला उतरताना त्या म्हणाल्या, "तुमचंही भूत सापडू दे."

"माझ्या भुताचं दुकान हाय, बाई. घाटाजवळ."

साताऱ्यात गाडी बदलली. पेढ्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो आणि न घेताच परतलो. वाईत कृष्णेला पाणी चांगले होते, घाटावर धुणी वाळत होती. मी पाय धुवायलाही थांबलो नाही.

कारागिराने रुमालाला हातही लावला नाही. "आवं काका, तुमी गलाईवालं. घेताना कस का न्हाई लावला?"

"देवाला कस लावतोस तू?"

"मग आता काय बोलायचं? पूजेच्या पाण्यानं कवा कवा रंग बदलतोय."

"पाण्यानं चांदीचं निकेल हुतंय व्हय रं?"

दुकानातली गिऱ्हाइके हसली. तो हसला नाही. आवाज मऊ करून म्हणाला, "पुजलेलं देव हायत, काका. आता मोडता येत न्हाईत, गाळता येत न्हाईत. घरी न्या."

तेव्हा कळले, की माझा रिवाज त्याला माझ्याहून जास्त उपयोगाचा होता.

परतीच्या गाडीत देव मांडीवर होते. खाणीतल्या माणसांना चोर दिसलाच नाही, म्हणून त्यांनी भुताचे नाव घेतले. मी चोराच्या समोर बसून आलो आहे. त्याने कवठे महांकाळला यावे, आमच्या देव्हाऱ्यासमोर उभे राहावे आणि माझ्या आईचे तोडे कुठे आहेत ते सांगावे.