टेकडीवरचा पेरूवाला

काशीत वरुणेकाठच्या टेकडीवर जुन्या राजाचा किल्ला होता, असं यात्रेकरूंच्या पुस्तिकेत मीच ऐकीव माहितीवर लिहिलं. तिथे एक वीटही नव्हती, तरी आपली मराठी माणसं जाऊन माती कपाळाला लावत. ते मला वर्षानुवर्षं टोचत राहिलं.

म्हातारपणी अखेर तिथल्या पेरूवाल्याला खरं सांगितलं. त्याचा धंदा त्याच गर्दीवर चाले, म्हणून तो चिडेल असं वाटलं. तो नेहमीसारखा गमछ्याने पेरू पुसत राहिला.

“बाबूजी, हम तो सबको बता देते हैं, यहाँ कुछ नहीं था. लोग हँसते हैं, हवा में बैठते हैं, अमरूद खाते हैं.”

पुसलेला पेरू त्याने माझ्या हातात ठेवला.

नव्या आवृत्तीत मी किल्ला काढून टाकला. त्याजागी लिहिलं, टेकडीवर वारा छान येतो आणि पेरू गोड मिळतात.