रोझी सिस्टरचा काळानिळा हात

परवा लस घेताना स्पिरिटचा वास आला आणि वसईतले आमचे जुने इस्पितळ डोळ्यांपुढे उभे राहिले. आणीबाणीपूर्वीची गोष्ट. नवी नर्स विमल डॉक्टरांच्या उपदेशामुळे टिकली, असे सगळे सांगतात. साफ खोटे! मी तिथला कंपाउंडर. डॉक्टर त्या दिवशी आलेच नव्हते. रुग्णाची शीर सापडेना, म्हणून विमल रडत नोकरी सोडून निघाली होती. थोरल्या रोझी सिस्टरने बाही सारून स्वतःचा हात पुढे केला.

"टोच."

"सिस्टर, दुखेल तुम्हाला."

"दुखू दे. ओरडेन, पण तुला घरी धाडणार नाही."

सुई चुकत गेली. सिस्टर खरोखरच ओरडल्या, "अगं पोरी, हात आहे हा, भरायचं वांगं नव्हे!" विमल रडता रडता हसली आणि सिरिंजमध्ये रक्त आले.

ती निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली. तो काळानिळा हात मी पाहिला आहे. डॉक्टरांचा उपदेश कुणीच ऐकलेला नाही, तरी सगळ्यांना तोंडपाठ!