फुंकायच्या खोलीबाहेरचा बाक

श्वासाच्या तपासणीत पेशंटला दोनदा फुंकावं लागतं. एकदा औषधाआधी, एकदा औषधानंतर. मधली पंधरा-वीस मिनिटं औषध छातीत उतरेपर्यंत नुसतं बसून राहायचं असतं, आणि ती आमच्याकडे खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर जातात. दम लागणारा माणूस फार बोलत नसेल असं वाटत असेल, तर तुम्ही त्या बाकावर बसलेले नाही. दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घेतात, पण बोलतात. घरी जे सांगत नाहीत ते इथे सांगतात.

प्रताप नगरात एका ट्रस्टचं छोटं सेंटर आहे, पहिल्या मजल्यावर. छातीच्या डॉक्टर मॅडम, मशीनवर टेक्निशियन पल्लवी, आणि मी फिजिओथेरपिस्ट. श्वासाचे व्यायाम शिकवायचे, गावांत आणि शाळांत जाऊन फुफ्फुसांबद्दल बोलायचं, दर शनिवारी पेशंटांचा गट चालवायचा, हे माझं काम. किती जणांना व्यायाम शिकवले ते आता सांगता यायचं नाही. बाकावर ऐकलेलं मात्र काहीच विसरले नाही. मैत्रिणी घरी आल्या की मला विषय शोधावा लागत नाही.

*

डहाके काका नरखेड तालुक्यातले. संत्रा-मोसंबीची बाग, मोकळं बोलणं आणि तरुणपणापासूनची बिडी. तपासणीत सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेल्या. मॅडमनी त्यांना कॅप्सूलचा इनहेलर दिला. यंत्रात कॅप्सूल टाकायची आणि तोंडानं जोरात ओढायची. पल्लवीनं ओढून दाखवलं, काकांनी मान हलवली, आणि ते एसटी पकडायला निघून गेले.

महिन्यानं आले ते जिन्यात न थांबता वर आले. मॅडम खूश झाल्या. मी सहज म्हटलं, औषध कसं घेता ते एकदा दाखवा. काकांनी कॅप्सूल काढली, जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

यंत्र कुठे आहे? ते घरी कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवलेलं. प्लास्टिकची वस्तू, पडून फुटायची!

छातीत जायचं औषध महिनाभर पोटात गेलं होतं. मग माणूस सुधारला कसा? मॅडमनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की बिडी बंद आहे. या गोळ्यांवर बिडी ओढली तर माणूस जागेवर आडवा होतो, असं सोबत आलेल्या काकूंनी त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला नाही, मला एकटीला बाजूला घेऊन बजावलंय, असंही वर सांगितलं होतं.

आमच्यापैकी कोणी असं काही बोललं नव्हतं. ते ऐकल्यावर काका हळूहळू काकूंकडे वळले. काकूंनी पदर सारखा केला.

"मंग काय करू जी," त्या मॅडमना म्हणाल्या, "इतकी वर्षं खरं सांगून पाह्यलं."

यंत्रातून औषध घ्यायला लागल्यावर काकांचा दम आणखी सुधारला. बिडी आजही बंद आहे. आणि तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, की पहिली कॅप्सूल आमच्या डोळ्यांदेखत ओढल्याशिवाय कोणी जिना उतरायचा नाही.

*

पल्लवी इतकी हळू बोलते, की फोनवर तिला दोनदा विचारावं लागतं. पण मशीनसमोर पेशंट बसला की वेगळीच पल्लवी दिसते. फुंक मध्येच तुटली की रिपोर्ट बिघडतो, म्हणून ती गरजते, "सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, थांबायचं नाही!" ती नवीन होती तेव्हा खालच्या मजल्यावरचे दुकानदार वर धावत आले होते. त्यांना वाटलं, मारामारी लागली.

तिला एक स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली. पाहायच्या दिवशी पोह्यांच्या प्लेट घेऊन बाहेर आली आणि मुलाच्या आईला बघताच तिनं ओळखलं. त्या बाई तीन-चार आठवड्यांपूर्वी जुन्या खोकल्यासाठी आमच्याकडे तपासणीला येऊन गेल्या होत्या. अर्ध्यात फुंक सोडून द्यायच्या, आणि पल्लवीनं त्यांना पुन्हा पुन्हा बसवून, त्यांच्या तोंडासमोर ओरडून पूर्ण करून घेतलं होतं.

बाईंनी पोहे घेतले, चष्मा लावला.

"फुंकायच्या मशीनवर तूच होती न वं?"

पल्लवी हो म्हणाली. तिच्या आईनं घाईघाईनं सांगितलं, की घरात आमची मुलगी फार शांत आहे. पल्लवी आम्हाला सांगत होती, की तिनं मनातल्या मनात ते स्थळ तिथेच सोडून दिलं होतं.

मग बाई मुलाकडे वळल्या. "हो म्हणून टाक. हिच्यासमोर मी बी मधात थांबू शकली नाही."

आता त्या तिच्या सासूबाई आहेत. दर सहा महिन्यांनी फुंकायला येतात आणि पहिल्या फुंकेत पास होतात.

*

डहाके काकांना बरं वाटायला लागलं तसा त्यांनी हट्ट धरला, की आमच्या गावात कार्यक्रम घ्या. विषय ठरला चुलीचा धूर. गॅस बहुतेक घरांत आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच होते, आणि जळतात पऱ्हाटीच्या काड्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडं.

गेलो तर ग्रामपंचायतीच्या हॉलला कुलूप, आणि किल्ली घेऊन शिपाई काटोलला गेलेला. काका म्हणाले, आमचं स्वयंपाकघर मोठं आहे, तिथंच बसू. सतरंजी टाकली. सरपंच आणि गावातले मोठे लोक मानानं आत भिंतीला टेकून बसले. बायका दाराबाहेर. इतक्या लोकांचा चहा म्हणून काकूंनी चूल पेटवली. काड्या दमट होत्या. त्या खोलीला खिडकी नव्हती.

मी पिशवीतून फुफ्फुसाचं चित्र काढलं, ते लावायला खिळा शोधत होते. तेवढ्यात एकाला फोन आला, तो बाहेर गेला. दुसऱ्याला आठवलं, की विहिरीवरचा पंप सुरूच राहिलाय. तिसरा काही न सांगताच उठला. सरपंच मात्र पदाला जागून बसून होते. शेवटी तेही उठले. नाकावर रुमाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मॅडम," ते मला म्हणाले, "लई परिणाम झाला तुमच्या भाषणाचा."

चुलीजवळून काकूंचा आवाज आला, "भाषण कुठं सुरू झालं जी? आता त चहा उकळून राह्यला."

बाहेरच्या बायका इतक्या हसल्या, की मला चित्र गुंडाळून ठेवावं लागलं. त्या दिवशी मी भाषण केलंच नाही. आम्ही सगळे अंगणात बसलो आणि त्या धुरात रोज कोण किती वेळ बसतं हे बायकांनीच सांगितलं. पुरुष ऐकत होते, डोळे पुसत. पुढच्या वेळी गेले तेव्हा काकूंच्या स्वयंपाकघराला खिडकी होती. मग त्यांनी मला हाताला धरून गल्लीतल्या इतर घरांच्या नव्या खिडक्या दाखवत नेलं.

*

मेश्राम मावशी पोस्टाच्या नोकरीतून रिटायर झालेल्या. आल्या की बाकावरच्या प्रत्येकाला जयभीम करतात आणि मगच टेकतात. त्यांची फुफ्फुसं आतून कडक होत चालली आहेत. बसल्या जागी ठीक असतं, चालताना ऑक्सिजन लागतो. खांद्याला पर्ससारखं लटकवायचं छोटं मशीन आहे, त्याची नळी नाकात.

अशा पेशंटांना व्यायामानं चालायला किती सोपं जातं, यावर मॅडमनी अभ्यास घेतला होता. अभ्यासात कोणालाही घेण्याआधी सगळी माहिती त्याला मराठीत वाचून दाखवून संमती घ्यावी लागते. मावशी बसल्या होत्या, शेजारी मेश्राम काका. मी वाचत गेले. भाग घेणं तुमच्या मर्जीवर आहे. मध्येच नको वाटलं तर कोणतंही कारण न देता तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. त्याबद्दल तुमच्यावर कोणी रागावणार नाही.

मावशींनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

त्या काकांकडे वळल्या. "पाहा जी, असं विचारतेत. आपल्या लग्नात मले कोणी हे वाचून नाही दाखवलं."

काका जरा विचार करून म्हणाले, "वाचलं असतं त तुह्या आधी मी उठलो असतो."

मावशींनी अभ्यास शेवटपर्यंत पूर्ण केला आणि सुरुवातीपेक्षा खूप जास्त चालल्या. चालण्याच्या प्रत्येक चाचणीला काका कॉरिडॉरच्या त्या टोकाला खुर्ची टाकून बसलेले असायचे. तिकडे तोंड करून मावशी जरा जोरात चालतात, हे पल्लवीनं पहिल्याच दिवशी टिपलं होतं.

*

चौधरी शेठचं सीताबर्डीला साड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. मोठा न्यूमोनिया झाला, त्यातून ते वाचले, पण फुफ्फुसांवर व्रण राहिले आणि चालता-बोलताना ऑक्सिजन लागू लागला. दुकानाची गादी त्यांनी मुलाकडे दिली आणि घरी टीव्हीसमोर बसले. मॅडमनी समजावलं, की असं बसून राहिलात तर हातपाय गळतील आणि दम आणखी लागेल. कामाला जाणं हेच तुमचं औषध आहे. त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. गिऱ्हाईक साडी पाहणार नाही, माझ्या नाकाकडे पाहील.

मी सांगून थकले. एका शनिवारी कसेबसे गटात आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मावशींनी त्यांना फक्त दुकानाचा पत्ता विचारला.

पुढच्या शनिवारी गट सेंटरमध्ये जमलाच नाही, मेट्रोनं सीताबर्डीला निघाला. मॅडमनी सगळ्यांचा ऑक्सिजन तपासला, मशीनच्या बॅटऱ्या पाहिल्या आणि मला सोबत पाठवलं. मावशी, आणखी तिघं नळीवाले, आणि डहाके काका. काका म्हणत होते, मले बी एक नळी द्या, मी एकटाच वेगळा दिसून राह्यलो. त्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, नळी दिली नाही. ते जरा नाराजच होते.

दुकानात शेठचा मुलगा होता. आम्ही गादीवर ओळीनं बसलो. मावशींनी त्याला सांगितलं, की साड्या पाहायच्या आहेत, पण दाखवतील मालकच. त्यानं वडिलांना फोन लावला. शेठ नको म्हणत होते. मावशींनी फोन मागून घेतला आणि म्हणाल्या, की आम्ही बसलो आहोत, तुमचं होऊ द्या सावकाश.

बऱ्याच वेळानं रिक्षा थांबली. शेठ उतरले, नळी लावलेली, मान खाली. दोन पायऱ्या चढून थांबले, श्वास घेतला, आणि समोर गादीवर ओळीनं नळ्या पाहिल्या. त्यांच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसले आणि पहिली साडी उलगडली. मग दुसरी.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या, सोबत लग्नाच्या वयाची मुलगी. त्यांनी आत पाहिलं. सगळीकडे नळ्या, मशीनचा फुसफुस आवाज. त्या दारातच थबकल्या. शेठचे हात साडीवरच थांबले आणि मान पुन्हा खाली गेली.

मावशींनी साडीचा पदर उजेडात धरला. "काहो शेठ, रंग पक्का आहे का?"

शेठनी एक श्वास घेतला. मग आणखी एक.

"मावशी, दम कच्चा आहे माझा," ते म्हणाले. "रंग पक्का आहे."

दारातल्या बाईंनी चपला काढल्या आणि मुलीला घेऊन आमच्या शेजारी गादीवर येऊन बसल्या.