कफमास्तरांचं घड्याळ

गल्लीने त्यांचं नाव कफमास्तर ठेवलं होतं, आणि ते उगाच नव्हे. शर्टाचं माप घेताना छाती, खांदा, बाही मुकाट्याने मोजायचे, मनगटाशी आले की मात्र टेप थांबवून विचारायचे, "घड्याळ कुठल्या हातात घालता?" गिऱ्हाईक दाखवेल त्या हाताचा कफ पाव इंच सैल कापायचे. पस्तीस वर्षांत हा प्रश्न कधी चुकला नाही. मोबाइल आल्यापासून निम्मी मनगटं रिकामीच असतात, तरी मास्तरांचं आपलं चालूच.

त्यांच्या स्वतःच्या हातात मात्र कधी घड्याळ दिसलं नाही. बकल रेशमी कापडात अडकतं म्हणे! खरी गोष्ट अशी, की या माणसाला स्वतःसाठी काही मागताच यायचं नाही. जेवायला काय करू विचारलं तर "काहीही चालेल." पंखा लावू का, तर "तुम्हाला हवा असेल तर लावा." असल्या भल्या माणसाचा कधीकधी भारी राग येतो.

लेकीलाही यायचा. म्हणूनच पहिला पगार झाल्याबरोबर तिने त्यांना घड्याळाच्या दुकानात ओढत नेलं आणि दारातच बजावलं, "बाबा, आज मी एक अक्षर बोलणार नाही. तुम्हाला काय हवं ते तुम्ही सांगायचं. 'तुला आवडेल ते' म्हणालात, तर अशीच घरी जाईन."

मास्तरांना घाम फुटला.

दुकानदाराने दोन घड्याळं पुढे ठेवली. एक ड्रेस वॉच: पातळ, पांढरी तबकडी, काळा चामडी पट्टा. दुसरं स्पोर्ट्स वॉच: चांगलं जाडजूड, निळी तबकडी, नारिंगी सेकंदकाटा, रबरी पट्टा. किमतीत फरक जवळजवळ नाहीच, त्यामुळे "स्वस्तातलं घेऊ" म्हणून निसटायचीही सोय नव्हती.

मास्तरांनी आधी हे पाहिलं, मग ते, मग छताकडे. "दोन्ही चांगली आहेत."

"बाबा!"

"अगं, खरंच चांगली आहेत!"

"या वयाला हेच शोभतं, साहेब," म्हणत दुकानदाराने ड्रेस वॉच त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं. लेकीने वरून कफाचं बटण लावलं आणि ती थबकली. घड्याळ कफाखाली अलगद सरकलं होतं, कुठे ताण म्हणून नाही. तिने उजवा कफ चाचपून पाहिला. तो मनगटाला बेताचाच होता.

"बाबा, तुमचा स्वतःचा डावा कफपण सैल?"

चोरी पकडल्यासारखे मास्तर लाजले. "पहिल्यापासून तसाच कापतो. म्हटलं, कधी घेतलंच घड्याळ, तर असू दे जागा."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"त्यात काय बोलायचं!"

लेकीचे डोळे भरून आले. इतक्या शर्टांत या माणसाने घड्याळाची जागा राखून ठेवली होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. न बोलायचं ठरवलेलं ती पार विसरली आणि दुकानदाराला म्हणाली, "हेच द्या. कफात कसं चपखल बसतंय!"

दुकानदाराने पावतीपुस्तक उघडलं. मास्तरांनी सवयीने मान डोलवायला घेतली, पण ती अर्ध्यावरच अडली. समोर काचेवर नारिंगी काटा टुणटुण पुढे चालला होता.

"नको," ते म्हणाले.

दोघांनी वर पाहिलं.

"हे नको. मला ते हवंय. ते जाडं."

"अहो, पण ते कफात मावणार नाही!" लेक म्हणाली.

"कफाचं मी बघतो!" आवाज इतका चढला की मास्तर स्वतःच दचकले. "शर्ट काय, दुसरे शिवीन. मला तेच हवंय."

लेक आधी बघतच राहिली, मग खदखदून हसत सुटली. चोवीस वर्षांत बापाच्या तोंडून 'मला हवंय' हे शब्द तिने पहिल्यांदा ऐकले होते. तिला इतका आनंद पहिल्या पगाराचासुद्धा झाला नव्हता.

मास्तरांनी बाही कोपरापर्यंत दुमडली, जाडं घड्याळ बांधलं आणि हात उजेडात धरून पाहिला. मग दुकानदाराला विचारलं, "हे पाण्यात चालतं का हो?"

"अगदी बिनधास्त."

"बाबा, तुम्ही कधी पाण्यात जाणार?"

"उद्या," मास्तर म्हणाले. "मला पोहायला शिकायचंय. लहानपणापासून."