मम्मी, तू बाहेर

माझ्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. सोळा वर्षं तिचं रडणं, रुसणं, चिडणं सगळं माझ्याच गळ्यात पडायचं. आंघोळीलासुद्धा मला उसंत नसायची.

भोकरदनला आमच्या शेजारी राहणारी म्हातारी खाला दर गुरुवारी दर्ग्यात सेवेला जाते. ती मुलीला सोबत न्यायला लागली. राग आला की छातीवर हात ठेवायचा, सावकाश श्वास सोडायचा, हे तिनं शिकवलं. "सबर अंदर से आता है, बाई. तू कब तक देती रहेगी?" असं मला म्हणायची. मला वैताग यायचा. बोलायला काय जातंय!

एका गुरुवारी मीही त्यांच्यासोबत गेले. दर्ग्यात जेवणाची पंगत बसल्ती. मुलगी पाणी वाढत होती. एक माणूस ओरडला, "ए पोरी, जल्दी कर की!" तिचा हात हलला, पाणी त्याच्या पँटवर सांडलं. तो आणखीच खेकसला. मुलीनं हातातला पाण्याचा जग फेकला, मधोमध बसली आणि स्वतःच्या कानशिलात मारून घ्यायला लागली.

मी धावले. खालानं माझं मनगट धरलं. "बैठ."

"अहो खाला, सोडा! लागंल तिला!"

"मैं हूँ ना. बैठ."

खाला मुलीपासून हातभर अंतरावर बसली. हात लावला नाही, समजूत काढली नाही. छातीवर हात ठेवून नुसती श्वास घेत राहिली. पंगत आमच्याकडे बघत होती. एक बाई म्हणालीच, "असल्या लेकराला आणावंच कशाला?" मला तिचाही राग, खालाचाही, आणि नुसतं बसून राहिले म्हणून स्वतःचाही.

बऱ्याच वेळानं मुलीचा हात कानावरून छातीवर आला. मग ती उठली, जग भरून आणला, सगळ्यांना पाणी दिलं. त्या माणसाला शेवटी. "हळू बोला," म्हणाली. तो ओशाळून "बरं माय," म्हणाला.

मला वाटलं, सुटले. कुठलं! आता घरी चिडली की ती मलाच खोलीबाहेर काढते. "मम्मी, तू बाहेर." कडी लावते. मी दाराला कान लावून उभी. हेच हवं होतं ना मला? मंग हा जीव का तळमळतो?

परवा अर्ध्या तासानं बाहेर आली. डोळे सुजलेले.

"काय झाल्तं गं?"

"झालं ते," म्हणाली, आणि भाकरी मागितली. चार वेळा विचारलं. सांगितलं न्हाई ते न्हाईच.